एका शब्दाचं कार्ड

अप्पा,

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी इंग्रजी वाक्य लिहिताना माझा हात अजून दचकतो. शाळेत दिवसभर इंग्रजी शिकवून घरी आलात तरी तुमच्या कानावरची लाल पेन्सिल उतरत नसे. चौलातलं कोणीही अर्ज घेऊन ओटीवर आलं, की आधी त्याचे शब्द कमी व्हायचे आणि मग त्याला चहा मिळायचा. मी पुण्याला वसतिगृहात गेले, तेव्हा तुमच्या हट्टापायी पत्रं इंग्रजीत लिहायची आणि ती दुरुस्त होऊन मलाच परत यायची. 'रिटर्न बॅक'मधलं 'बॅक' उडालं, त्याचं काही नाही. पण 'आय मिस यू व्हेरी मच'मधलं 'व्हेरी मच' खोडून तुम्ही शेजारी लिहिलंत, 'अनावश्यक'. मला इतका राग आला की मी पत्र लिहिणंच बंद केलं.

तीन महिन्यांनी तुमचं कार्ड आलं. त्यावर एकच शब्द, 'कम'. आईचं काही बरंवाईट तर झालं नसेल ना, हा एकच विचार करत, दोन एसट्या बदलून, रडत रडत मी वाडीत पोचते, तर तुम्ही अंगणात आरामात सुपाऱ्या सोलताय!

"अगो, अशी अवचित? झालं काय?" आई धावत आली. मी कार्ड पुढे केलं. ते वाचून ती तुमच्यावर कडाडली, "अहो, पोरीला दोन शब्द जास्त लिहिले असते तर हात झिजले असते का तुमचे?"

"आली ना? मग पुरला की एक," तुम्ही मान वर न करता म्हणालात.

त्या दिवशी मी तुमच्याशी बोलले नाही. जेवले मात्र, कारण आईने घावणे केले होते.

आज तुमचं कपाट आवरताना शब्दकोशात त्या कार्डाचा कच्चा खर्डा सापडला. 'प्लीज डू कम बॅक होम सून. द हाउस इज व्हेरी एम्प्टी विदाउट यू.' एकेका शब्दावर लाल रेघ. 'व्हेरी' तर खोडलेला, वर पुन्हा लिहिलेला, पुन्हा खोडलेला. शेवटी 'कम' तेवढा वाचला. मला हसू आलं आणि मग आवरेना इतकं रडू आलं. एवढं सगळं मनात होतं तर पाठवायचं होतंत, अप्पा.

हे पत्र तरी कुठे पाठवणार म्हणा. तळाशी तेच जुनं इंग्रजी वाक्य लिहिलं आणि, खरं सांगते, सवयीने 'व्हेरी मच'वर रेघ मारली. मग ते वर पुन्हा लिहिलं. आता नाही खोडत.