पुढची खोली गुरुवारसाठी

मी, कपड्यांना इस्त्री करून पोट भरणारी बाई, वय वर्षे एकोणसत्तर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. लोक हे वाक्य सवयीने लिहितात. मी मात्र लिहून थांबले आणि पुन्हा वाचलं. शाबूत! एके काळी ती नव्हती, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. म्हणून डॉक्टरीणबाईंचा आजचा दाखला सोबत जोडला आहे. उगाच कोणी फाटे फोडायला नकोत.

यजमान गेले त्या वर्षी माझी झोप उडाली, मग भिंती बोलू लागल्या. धाकट्या दिरांनी मला मागच्या खोलीत कोंडलं आणि "वहिनींना वेड लागलंय" असं दारोदार सांगितलं. त्याआधी बंगल्यातल्या बाईसाहेब दोन महिने हवापालटाला म्हणून गेल्या होत्या. परतल्यावर इस्त्रीचे कपडे येईनात, तेव्हा त्या स्वतःच चौकशीला आल्या. मला पाहिलं आणि तशाच जमिनीवर बसल्या. "अगं, मलाही हेच झालं होतं," म्हणाल्या. त्यांच्या गाडीतून मला त्यांच्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आजार तोच, गोळीही तीच. फक्त त्यांच्या घरी त्याला थकवा म्हणत आणि माझ्या घरी बाहेरून कडी लावत.

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी ओल्या सुती कापडावर इस्त्री ठेवली, वाफ निघाली, आणि मला तिचा वास आला. कितीतरी महिने कशालाच वास नव्हता. मी पुन्हा पाणी शिंपडून पुन्हा इस्त्री फिरवली. माणूस असा परत येऊ शकतो, याचं नवल मला अजून वाटतं. आणि रागही येतो. माझ्याकडे बाईसाहेब कपडे टाकत होत्या. जिच्याकडे अशी कोणी येत नाही, तिने काय करायचं?

कलम पहिले. हे घर यजमानांनी हयातीतच माझ्या नावावर केलं. मागची खोली व स्वयंपाकघर धाकट्या दिरांना. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई दर गुरुवारी फी न घेता बसतात. ती कायम दवाखान्यासाठीच राहील. दिरांना तिथे दुकान काढायचंय. "वहिनींच्या वेडाचे कागद कोर्टात दाखवीन" असंही ते बोलून गेलेत. खुशाल दाखवा, भाऊजी. मी बरी झाल्याचंही त्याच कागदांत लिहिलंय.

बाकावर जो आधी येईल तो आधी. मागे एक ड्रायव्हर म्हणाला, "आमच्या साहेबांना जरा लवकर घ्या." मी म्हटलं, "साहेबांना म्हणावं, बसा, जागा आहे." ते खरंच एका हमालाशेजारी बसले. थोड्या वेळाने दोघं आपापल्या न येणाऱ्या झोपेबद्दल बोलायला लागले. मी हातातलं काम सोडून बघत राहिले. या डोळ्यांना असं काही दिसेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक लांबून येणाऱ्यांच्या गाडीभाड्याला आणि गोळ्यांना.

कलम तिसरे. इस्त्री आणि टेबल शेजारच्या तिखटबाईला. तोंडाने जहाल, पण मी कोंडलेली असताना खिडकीतून रोज जेवू घालायची आणि "आज तब्येत कशी आहे?" एवढंच विचारायची. टेबलावर जळके डाग आहेत, त्यावरून मी मेल्यावर तिने माझा उद्धार करू नये.

साक्षीदार म्हणून भाऊजींनाच मुद्दाम बोलावलंय. एकदा सही केली की मला वेडी म्हणायची सोय राहणार नाही. आत्ता त्यांनी वरचं सगळं माझ्यासमोर वाचलं. वाटलं, कागद भिरकावतील. पण खाली मान घालून डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "आमची थोरली वर्षभर खोलीबाहेर आलेली नाही. तिचं लग्न जमायचंय, म्हणून कुठे बोललो नाही. कधी आणू?"

"आत्ताच आणा."

भाऊजी सही करून गेले. आता लेकीला धरून घेऊन आलेत. पोर दारातच अडून उभी आहे. तिच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "ये गं, घाबरू नकोस. तुझी काकू नाही का बरी झाली?"

यापुढे मला लिहिवत नाही.

लिहून ठेवणार: इस्त्रीवाली (सही)
साक्षीदार: १. धाकटे दीर (सही) २. डॉक्टरीणबाई (सही, पोरीला तपासून झाल्यावर केली)
स्थळ: माझ्या घराची पुढची खोली
दिनांक: महिन्याचा दुसरा गुरुवार