हार घातलेली सायकल

दिपमाला,

नाना जुनी सायकल घेऊन निघून गेलेत, फोन घरीच ठेवून. चूक माझी. ब्रेकच्या सळया गंज काढायला काढल्यात, अजून ओट्यावरच पडल्यात. पण फोटोसाठी मी सकाळीच हँडलला हार घातला. हार घातला की सायकल तयार, आणि पहिली चक्कर नानांची, ही आपल्याच घरची रीत.

शेजारच्या भिकुअक्का सांगत होत्या, "सोनगीरकडे ग्यात, घंटी वाजाडत, नवरदेवनागत!" तिकडचा उतार तुला माहीत आहे.

मी मोटरसायकलने मागे निघालोय. ते आधी आले तर रागावू नकोस, चहा दे आणि सायकलीला कुलूप लाव.

सळया आईच्या नजरेस पडू देऊ नकोस. हार तिनेच ओवलाय.

नवल