दगाचे डोळे

सिंधीपुरा, बुऱ्हाणपूर
गुरुवार, ता. १३ डिसेंबर १९५६

ती. अनंतदादास,
कमलचा नमस्कार. इथे आम्ही दोघं बरे आहोत. थंडी फार पडलीय, पण बाबांचा खोकला कमी आहे. शाळेत अजून जुन्याच नकाशावर भूगोल शिकवते. नवा मध्य प्रदेश कसा दिसतो, ते मुली मलाच विचारतात.

काल तू स्टेशनवर माणूस पाठवला असशील. आम्ही गाडीत नव्हतो. बाबा आजारी नाहीत. मीच त्यांना आणलं नाही.

तुझं पत्र शनिवारी आलं. नेहमीसारखं बाबांना वाचून दाखवलं, पण अर्धंच. 'डॉक्टर शुक्रवारी नवं बुबुळ बसवणार, बुधवारच्या गाडीने या,' एवढंच. पुढचं मनात वाचलं. शुक्रवारी पहाटे तुमच्या जेलमधल्या दगाला फाशी. त्याचा एक डोळा डॉक्टरांच्या ओळखीच्या शेठजींना, एक बाबांना. आणि शेवटी, 'दयेचा अर्ज माझ्या कपाटात आहे. कचेऱ्या भोपाळला हलताहेत, कोणी विचारलंच तर वाटेत गहाळ झाला म्हणता येईल. हे पत्र जाळून टाक.'

दादा, तो अर्ज माझ्या हातचा होता. अक्षर तू ओळखलं असशीलच. दगाची बायको, दापोऱ्याची मालूबाई, माझ्यासमोर बसून सांगत होती आणि मी लिहीत होते. "जेलच्या कचेरीत माझा भाऊ आहे, त्याच्याच हातात दे," हेही मीच तिला सांगितलं.

दगाने बांधावरच्या भांडणात माणूस मारला, हे खरं. त्याने कबूलही केलं. पण अर्ज वाचून नाही म्हणणं वेगळं. हा तर कोणी वाचलाच नाही.

आता जे लिहायचं टाळत होते, ते लिहिते. तुझं पत्र वाचून मी काहीच केलं नाही. बाबांची ट्रंक भरली. त्यांच्या कोटाला बटणं लावली. डोळ्यांत फूल पडून दिसेनासं झाल्यापासून सहा वर्षं मी त्यांचा हात धरून चालते. वाटलं, एकदा दिसू दे यांना.

रविवारी मालूबाई आली.

"मास्तरीणबाई, भोपाळवून काई जवाब आला का वो?"

"नाही अजून."

"मंग हाये तो जिवंत," म्हणाली आणि हसली. जाताना बाबांच्या पाया पडली. बाबांनी तिला आशीर्वाद दिला. काहीच माहीत नव्हतं त्यांना.

सोमवारी सकाळी मी त्यांना सगळं पत्र वाचून दाखवलं. ऐकून ते म्हणाले, "पुन्हा असा डोळा मिळेल?"

"डॉक्टर नाही म्हणतात."

"मग मला कशाला सांगितलंस, कमल?" असे ओरडले की शेजारच्या निर्मलावहिनी धावत आल्या.

ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. मी पत्र घेऊन विनायकराव वकिलांकडे गेले. त्यांनी आधी भोपाळला तार केली. मी तिथेच बसून अर्ज पुन्हा लिहिला, मालूबाईला बोलावून तिचा अंगठा घेतला, आणि वकील तो घेऊन त्याच दिवशी गाडीत बसले.

काल संध्याकाळी त्यांची तार आली. फाशी तहकूब. तुमच्या जेललाही हुकूम गेलाय. अर्ज आता वाचला जाईल. पुढे दगाचं काय होईल, ते वकीलही सांगू शकत नाहीत.

तुझं पत्र मी जाळलं नाही. ते वकिलांनी सोबत नेलंय. चौकशीला कोणी आलं आणि अक्षर कोणाचं म्हणून विचारलं, तर मी तुझं नाव सांगणार. बाबांसाठी केलंस, हेही सांगेन. पण त्याआधी तू स्वतः साहेबांपुढे जाऊन बोल. शेठजी आणि डॉक्टर तुला पुढे करून नामानिराळे होतील, एवढं तुला कळत असेलच.

बाबा सोमवारपासून माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या हातचं जेवतात, पण हात धरू देत नाहीत. भिंत चाचपत अंगणात जातात. आज सकाळी फक्त एवढंच विचारलं, "अनंताला कळवलंस का?"

म्हणून हे पत्र.

तुझ्याविरुद्ध साक्ष देणार आहे, तरीही तुझीच,
कमल