साक्ष दिल्यानंतर

रविवार, ३ मार्च
आमच्या चर्चच्या ऑर्गनवालीने आज उपासनेत देवाच्या कृपेची साक्ष दिली. बाळ झाल्यापासून मन कशातच लागत नव्हतं, पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आता मी बरी आहे — एवढंच बोलली. सगळी मंडळी रडली. मीही, पाळक असून! घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते.

मंगळवार, ५ मार्च
दुपारी चर्चमध्ये बाकावरच डोळा लागला. जाग आली ती सुरांनी. ऑर्गनवाली एकटीच वाजवत होती — एकच ओळ, पुन्हा पुन्हा. उन्हात धूळ तरंगत होती. बाळ कुठे, विचारलं. सासूकडे. "माझ्याजवळ ठेवू नका म्हटलंय," ती म्हणाली. "पाण्याकडे बघितलं की आत जावंसं वाटतं."
मी अजून झोपेतच आहे असं वाटत राहिलं. मग रविवारी ते काय होतं? "तुम्ही इतक्या आशेने बघत होता, पाळकसाहेब."
तिला घरी पोचवलं. एकटी सोडू नका, असं सासूला बजावून आलो.

मंगळवारीच, संध्याकाळी
बायको म्हणाली, समुपदेशक बाईंकडे न्या. मी फणकारलो. त्या बाई ना प्रभूला मानत, ना प्रार्थनेला. आपलं मेंढरू परक्या कळपात? बायको भाजी निवडत म्हणाली, "तुमची दाढ ठणकली तेव्हा दातांच्या डॉक्टरचा बाप्तिस्मा विचारला होता का?"
हसलो, मग रुसलो. खरं सांगायचं तर भीती वाटते. ती तिथे बरी झाली, तर माझे हात कशासाठी?

बुधवार, ६ मार्च
समुपदेशक बाईंकडे चला म्हटलं, तर ऑर्गनवाली नाही म्हणते. सगळ्यांसमोर बरी झाले म्हटलंय, आता गेले तर देव खोटा ठरेल! साक्षीला घाईने उभं केलं मीच. आता ती साक्षच तिच्या वाटेत आडवी आली.
म्हटलं, "खोटा ठरलो तर मी ठरेन, देव नाही. मी येतो बरोबर."
मग म्हणाली, पाळकीणबाई आल्या तर येईन.

गुरुवार, ७ मार्च
तिघं गेलो. ती आत गेली, दार लागलं. मंगळवारपासून पहिल्यांदाच हलकं वाटलं.
टेबलामागची मुलगी माझ्या बायकोकडे बघून ओळखीचं हसली. "ताई, तुमचा वार सोमवार ना? आज गुरुवारी कशा आलात?"
बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही.