वीस किलोचा पाय

आई, ओट्यावर बसलेय, समोर अंगणवाडीतून मागून आणलेला वजनकाटा आहे, आणि पाय टेकवायची भीती वाटतेय. किन्हवलीच्या रस्त्यावर स्कूटी घसरली, नडगी मोडली, ऑपरेशन करून आत स्टीलची पट्टी घातलीय. आता शहापूरचे डॉक्टर म्हणतात, "काट्यावर उभी राहा, या पायावर वीस किलो टाक. सोमवारपर्यंत नाही टाकलंस तर हाड जुळायला आळस करेल, मग परत उघडावं लागेल." काटा बारावर गेला की मी पाय उचलते. वहिनी भांडी घासता घासता बघते. "वन्सं, पाय काय मखरात बसवायचाय?"

मग मोबाईलवर वाचत बसते. हाडाच्या आत पेशी असतात, जिवंत, एकमेकींचे हात धरून बसलेल्या. वजन पडलं की हाड केसभराहूनही कमी, पण वाकतं. आतल्या बारीक नळ्यांमधलं पाणी हलतं, पेशीची कातडी ताणली जाते आणि तिच्यातली इवली दारं उघडतात. दारातून कॅल्शियम आत शिरलं की पेशीला कळतं, इथे भार आहे, इथे हाड हवं. भार आलाच नाय तर दारं मिटलेली राहतात, आणि होतं ते हाडही हळूहळू झिजवलं जातं.

हे तिसऱ्यांदा वाचलं आणि लहानपणचं खळं आठवलं. खळ्यावर तू माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवतेस, पहिल्या दिवशी भाताच्या दोन पेंढ्या, दुसऱ्या दिवशी चार. मी रडते. तू म्हणतेस, "मानंवर पडल्याबिगर मानंला कसं कळंल गो?" मग मी मुरबाडला कॉलेजला गेले, शहाणी झाले. तुझी कंबर धरली तेव्हा हातातली कळशी काढून घेतली, चार महिने खाटेवरून उठू दिलं नाय. "पडून पडून पाय कागदाचं झालं, जरा आंगणात जाऊन येतंय," तू म्हणायचीस. मी दरडावायचे, "गप पड." एका सकाळी मी नसताना उठलीस, उंबऱ्यापाशी खुबा मोडला, आणि पुढे उठलीच नायस. डॉक्टर म्हणाले, वयात होतं असं. मी लगेच मानलं. सोयीचं होतं.

इथली जमीन उंचसखल, काटा डुगडुगतो. हा कागद चार घड्या करून त्याच्या खाली घालणार आहे. वहिनी काठी घेऊन उभीच आहे. खरं सांगू, हे एवढं सगळं काय तुझ्यासाठीच लिहिलं नाय. लिहीत होते तोवर उभं राहावं लागत नव्हतं.