वारा नव्हता

प्रिय नॉर्ब,

मी, एव्हरेट डेक्लर्क, वाणिज्य शाखेचा पदवीधर, बिजागऱ्यांच्या कारखान्यातला हिशेबनीस आणि सत्तावीस वर्षं तुझ्या होडीत मागच्या खुर्चीवर बसणारा माणूस, हे पत्र पूर्ण विचारांती लिहीत आहे. मंगळवारी न्यायालयात मला मुख्यतः एकच गोष्ट विचारली जाईल: जूनमधल्या त्या सकाळी सरोवरावर वारा होता की नव्हता. “एव्ह, तू फक्त वारा होता म्हण, पुढचं वकील बघेल,” असं तू मला दोनदा सांगितलंस. एकदा रडत आणि एकदा माझी कॉलर धरून. उत्तर मी इथे देणारच आहे. पण त्याआधी काही गोष्टी मांडतो. न्यायाधीशांना त्या समजावून सांगाव्या लागतील, तुला लागणार नाहीत.

ट्यूब मला तू शिकवलीस. त्याआधी मी बोटभर मऊ प्लास्टिकची ती पोकळ नळी आणि तिच्या टोकाची झालर दुकानात पाहून हसलो होतो. तू ती माझ्या तळहातावर ठेवलीस आणि म्हणालास, “हिशेबनीस, याला खाणं समजू नकोस. ही शिवी आहे.” तळाच्या खडकांवरून ती घासत नेली की छोटा गोबी मासा पळतोय असं बास माशाला वाटतं, आणि बास गोबीला भुकेपेक्षा वैराने मारतो, आधी पाठ मोडतो, मग गिळायचं की नाही ते ठरवतो. पाण्यातून वर आलेल्या ट्यूबची फाटलेली झालर तू मला दाखवायचास, तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर कौतुक असायचं. मी तुला इतकं आनंदी इतरत्र क्वचितच पाहिलं.

नियमही तुझेच. वारा जेवढा, ट्यूबला लावायचं शिसं तेवढं जड. वाऱ्यावर होडी जोरात वाहत असली की जड शिसं हवं, नाहीतर ट्यूब तळ सोडते. आणि पाणी आरशासारखं असलं की शिसं इतकं हलकं हवं की ते आहे की नाही अशी शंका यावी. गवत असेल तर गळाचं टोक प्लास्टिकमध्ये लपवायचं. उघडा खडक असेल तर शिशाचा गोळा नळीच्या पोटात घालून गळ उघडा ठेवायचा. चावा जाणवला की हिसका द्यायचा नाही. आधी तंगुसातली ढील गुंडाळायची, भार हाताला लागू द्यायचा, मग गळाची काठी एका बाजूला ओढून घ्यायची. ही रीत मोडली म्हणून तू माझ्या बोटांवर पकडीने मारलं होतंस. एक नख अजून वाकडं उगवतं.

तुझ्या हातांविषयी मी कधी तक्रार केली नाही, आताही करत नाही. धक्क्यावर गाडी आडवी लावली म्हणून तू त्या टोलेडोच्या माणसाला वल्ह्याने मारलंस, तो गुडघ्यांवर बसला तरी मारत राहिलास, आणि वल्हं मोडल्यावर त्याच्याच गाडीवर आदळून दुसरा तुकडा केलास. गोठलेल्या सरोवरावरच्या झोपडीत पर्च मासे तळत असताना क्लेम काहीतरी बोलला आणि तू सख्ख्या धाकट्या भावाचं तोंड चुलीच्या कडेवर आपटलंस. त्याचे दोन दात तेलात पडले. तो दुसऱ्या दिवशी सुजलेल्या ओठांनी म्हणाला, “चव बिघडली रे, मीठ कमी होतं.” सगळे हसले. त्या घरात मार खाल्ल्यावर विनोद करायची पद्धत होती, ती तुमच्या वडिलांनी घालून दिली होती, आणि क्लेमने ती तुझ्यापेक्षा जास्त दिवस पाळली.

आता ती सकाळ. पाणी इतकं स्थिर होतं की पलीकडच्या कॅनडाच्या किनाऱ्यावरची धुराडी त्यात उलटी दिसत होती. होडीचा वेग आवरण्यासाठी वाऱ्यात आपण पाण्यात सोडतो ती कापडी पिशवी खणात घडी करून कोरडी पडली होती. खाली गवत होतं, म्हणून आपण दोघांनीही हलकं शिसं लावून गळाची टोकं लपवली होती. आपण जेमतेम सरकत होतो, तेवढ्यात क्लेम त्याची होडी घेऊन आला आणि आपण वाहत होतो त्या रेघेच्या तोंडाशी थांबला. एकाची होडी वाहत असताना दुसऱ्याने तिच्या वाटेत शिरू नये, रांगेने मागे यावं, हे या सरोवरावर शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. क्लेमचं चुकलंच. तू ओरडलास. तो हसला आणि म्हणाला, “नॉर्ब, आपल्या म्हाताऱ्याने ही रेघ तुझ्या नावावर करून दिली नव्हती.”

घुसखोराच्या होडीपुढे ट्यूब उंच फेकून पाण्यात टाकायची, ही आपल्याकडची ताकीद. मी स्वतः ती दिली आहे आणि खाल्लीही आहे. तू तसं केलं असतंस तर मी आज काही लिहिलं नसतं. तू खाली बसलास. तंगूस कापलास. डब्यातून सगळ्यात जड शिसं काढलंस, ते नवीन ट्यूबच्या पोटात सरकवलंस, गळ उघडा ठेवलास आणि गाठ मारलीस. ती थुंकीने ओली केलीस, ओढून पाहिलीस, उरलेलं टोक दातांनी तोडलंस. मला वाटलं, राग गिळतो आहेस. मग उभा राहिलास आणि काठी उंच न नेता कमरेच्या पातळीवरून सपाट फिरवलीस.

क्लेमने तोंडावर हात नेला, तो खाली पडायच्या आत तू ढील गुंडाळलीस. भार हाताला लागू दिलास. मग काठी एका बाजूला ओढून घेतलीस, अगदी मला शिकवली होतीस तशी. तो त्याच्या होडीच्या काठावरून अर्धा बाहेर आला. असा आवाज मी माणसाच्या गळ्यातून ऐकलेला नाही. तंगूस मी कापला. तू काठी सोडली नव्हतीस. त्याच्या होडीत उतरलो तेव्हा माझे बूट घसरत होते, आणि शिसं त्याच्या गालावर लोंबत होतं, डोळा होता तिथून. ट्यूबला तू आवडीने लावतोस त्या बडीशेपेच्या तेलाचा वास रक्तात मिसळला होता. माझ्या बायकोला मी घरातून बडीशेप काढून टाकायला सांगितलं आहे. कारण सांगितलेलं नाही.

तुझ्या वकिलाला ते जड शिसं सापडल्याचा आनंद झाला आहे. तो मला म्हणाला, जड शिसं म्हणजे वारा होता, आणि वारा होता म्हणजे नेम चुकला, हे कोणताही मासेमार मान्य करील. त्याचं तर्कशास्त्र निर्दोष आहे. फक्त त्याच होडीत, हाताच्या अंतरावर, माझ्या काठीला काय लावलेलं होतं हे त्याने मला विचारलं नाही. मंगळवारी विचारलं जाईल.

आणि आता या पत्राचं खरं कारण. काल क्लेम माझ्याकडे आला होता. उरलेला डोळा जमिनीवर लावून बसला. मला वाटलं, खरं बोल म्हणायला आला असेल. तो म्हणाला, “एव्ह, वारा होता म्हण. तो कधीतरी सुटेल, आणि मी त्याच्यापासून चार घरांवर राहतो.” या वेळी त्याने विनोद केला नाही. तुझ्या भावाने तुला वाचवण्यासाठी माझी विनवणी केली, हे तुला माझ्याच हस्ताक्षरात कळावं म्हणून मी हे लिहिलं. मी त्याला नकार दिला. वारा नव्हता, आणि मी तसंच सांगणार आहे. हा निर्णय माझा एकट्याचा आहे, त्याचा त्यात एक शब्दही नाही. म्हणून तू सुटून येशील आणि गाठ मारायला बसशील, तेव्हा चार घरं मोजू नकोस. माझं घर तुला माहीत आहे. मागच्या दाराने ये. तिथे मी असेन.

तुझाच,
एव्हरेट डेक्लर्क

सेंट क्लेअर शोअर्स, मिशिगन
१० ऑक्टोबर २०१९