बाहीतले तीन दोरे

२ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

छापखान्यात सकाळी कुडकुडत जातेस म्हणालीस, म्हणून माझा राखाडी कोट पाठवते आहे. मला तो आता नकोसा झालाय. आत दोन स्वेटर सहज मावतील. तेवढीच जरा खात्यापित्या घरची दिसशील!

इकडे शाळेचे गणवेश शिवून शिवून जीव मेटाकुटीला आलाय. त्यामुळे सहामाही तपासणी पुढे ढकलली. छातीतल्या गाठीच्या ऑपरेशनला तीन वर्षं झाली, दर वेळी डॉक्टर ठणठणीत म्हणतात, मग घाई कशाला? तुझे भावजी कुरकुरतात, पण त्यांचं सोड.

तब्येतीला जप आणि पत्र लिहिताना हात आखडता घेऊ नकोस.

तुझी ताई

९ फेब्रुवारी

ति. ताईस, शि. सा. न. वि. वि.

कोट घातला तर डावी बाही उजवीपेक्षा ढगळ. ताई चुकली म्हणून आधी हसू आलं, मग अस्तर उसवून पाहिलं. शिवण सैल केली की दर वेळी नव्या रंगाचा दोरा घालायचा, म्हणजे पुढच्याला ती किती वेळा सोडली ते कळतं, हे बाबांनी दुकानात आपल्या दोघींना शिकवलेलं. डाव्या बाहीत काळा, निळा, विटकरी असे तीन दोरे आहेत. उजवीत एकही नवा नाही.

ऑपरेशन डाव्या बाजूचं. हात सुजतोय आणि तू बाही सोडत बसलीस? मला राग आलाय आणि त्याहून जास्त भीती वाटतेय. हात सुजला, नवी गाठ लागली, खोकला किंवा हाडांचं दुखणं हटेना, तर तारखेची वाट न बघता या, असं ऑपरेशननंतर घरी सोडताना डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं. उद्याच जा.

भावजींना नमस्कार. हवं तर माझ्यावर रागाव, पण माया कमी करू नकोस.

धाकटी

१५ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

पहिल्यांदा वाटलं, कामाने हात भरलाय. दुसऱ्यांदा म्हटलं, कोटच आटला. तिसऱ्यांदा नुसती गुपचूप सुई ओवली. घाबरले होते गं. कोट डोळ्यांसमोर नको म्हणून तुला धाडला. दोऱ्यांचं लक्षातच आलं नाही, इतकी हाताला सवय. उद्याची वेळ घेतली आहे. भावजींना आयतंच फावलंय.

आहे तशीच माझी राहा.

ताई

२३ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

ऑपरेशननंतर हाताला अशी सूज नुसतीही येते, असं डॉक्टर सांगत होते. मग गळ्याखालच्या हाडावर बोटं ठेवली आणि पुन्हा पुन्हा तिथेच चाचपत राहिले. तिथे वाटाण्याएवढी गाठ आहे. सुईने नमुना घेऊन तपासायला पाठवला.

आज दवाखान्यातून फोन आला. अहवाल आलाय, शुक्रवारी या. काय आलंय ते सांगितलं नाही. येताना घरचं कोणीतरी सोबत आणा, म्हणाले. तीन वर्षं मी एकटी जाते, असं कधी म्हणाले नव्हते.

भावजी येतीलच, पण तिथे मलाच त्यांना धीर द्यावा लागेल. तू ये.

ताई